पॅन्टोप्राझोल-डी, बुरशीची गोळी आणि पावडरची पुडी: सहा महिन्यांच्या वापरानंतर

दुसऱ्या महिन्यात पित्तावरच्या या कॅप्सूलला पाचपैकी चार तारे दिले होते. आता अडीच. कापलेले दीड तारे कॅप्सूलच्या नावातल्या शेवटच्या अक्षराचे, त्या 'डी'चे.

पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, डॉमपेरिडोन ३० मिलिग्रॅम, रोज एक, हे काही सांगायला नको. आपल्याकडे घरोघरी एक पट्टी खिडकीत नाहीतर देवाच्या फळीवर पडलेली असतेच. लग्नातला सावजी रस्सा अंगावर आला की ती, ठेचा जास्त झाला की ती, उपवासाला साबुदाणा झाला की ती. तिने जळजळ थांबते, यात वाद नाही. चार तारे त्याचेच होते. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर. पित्त महिनोन् महिने हटेना की हल्ली कोणीतरी सांगतोच, "हे पित्त नाही, पोटात बुरशी वाढली." मग मेडिकलच्या एकाच खाकी पाकिटात तीन वस्तू येतात: ही कॅप्सूल, बुरशीवरची गोळी आणि प्रोबायोटिकची (पोटाला चांगल्या जंतूंची) पुडी. वरून पेनाने एकच खूण, 'सकाळी १-१-१'. या तिघी पोटात गेल्यावर एकमेकींशी भांडतात, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आधी बुरशीच्या गोळीचं. धानाच्या रोवणीत दिवसभर ओल्या कपड्यात राहिलं की जांघेत गजकर्ण ठरलेलं, आणि त्याला मिळते इट्राकोनाझोलची कॅप्सूल. पोटातल्या बुरशीसाठीही कोणी कोणी तीच देतं. ती विरघळायला आम्ल लागतं. म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते, कारण जेवणाने जठर भरपूर आम्ल सोडतं. आता पॅन्टोप्राझोलचं कामच आम्ल बंद करणं. सकाळी दोन्ही सोबत घेतल्या की इट्राकोनाझोल बरीचशी न शोषताच पुढे सरकते. महिनाभर महागडी कॅप्सूल खाऊन चट्टा जागचा हलत नाही आणि दोष मात्र 'औषधाला दाद न देणाऱ्या बुरशी'वर जातो. आम्लाची गोळी बंद करता येत नसेल तर इट्राकोनाझोल साध्या (डाएट नव्हे) कोलासोबत घ्यावी, असं अमेरिकेतल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं. पण ज्याला पित्त आहे त्याला रोज कोला पाजायचा, म्हणजे एका दुखण्याचं दुसरं करायचं. फ्लुकोनाझोलला आम्लाची गरज नाही, ती रिकाम्या पोटीही शोषली जाते. कॅन्डिडा नावाच्या यीस्टवर (बुरशीचाच एक प्रकार) तीच पहिली निवड असते. हा फरक पाकीट बांधणाऱ्याला माहीत असायला हवा. नसतो.

आता 'डी'. डॉमपेरिडोन जठरातलं अन्न पुढे ढकलतं, उलटी थांबवतं. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) ते मोडून काढतं, त्यालाच इट्राकोनाझोल घट्ट अडवून धरते. मग डॉमपेरिडोन रक्तात साचतं आणि हृदयाच्या ठोक्याची लय बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून ही जोडी एकत्र देऊच नये असा नियम आहे. फ्लुकोनाझोल ते विकर थोडं कमी अडवते, पण लय तीही बिघडवू शकते, म्हणून तीही 'डी'सोबत नको. तीच गत क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांची. २०१४ साली युरोपच्या औषध नियामकाने डॉमपेरिडोनवर बंधनं घातली: एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त तीनदा, साधारण आठवड्यापेक्षा जास्त नाही, आणि तेही मळमळ-उलटीसाठीच. आपल्या कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम एकदमच भरलेलं, हळूहळू सुटणारं. म्हणजे दिवसाची पूर्ण मर्यादा रोज गाठायची, आणि खाणारा खातो सहा-सहा महिने. नुसतं पॅन्टोप्राझोल ४० स्वस्तही मिळतं. जनऔषधी केंद्रात तर मिळतंच. उलटी नाही, मळमळ नाही, तर 'डी' कशाला? जास्तीचे पैसे देऊन जास्तीचा धोका घ्यायचा, हे हिशेबात बसत नाही. डॉक्टरने मुद्दाम लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आपण आणखी काय काय खातो ते त्यांना सांगावं.

(तिसऱ्या महिन्यातली दुरुस्ती: 'पित्ताच्या या गोळीचा दुपारी काही उपयोग नाही' असं आधी लिहिलं होतं, ते मागे घेतो. गोळी बरोबर होती, वेळ चुकत होती.)

हे जरा सविस्तर सांगतो. पॅन्टोप्राझोल रक्तात थोडेच तास टिकतं. जठरातले आम्ल सोडणारे पंप त्या वेळेत चालू असतील तर ते त्यांना चिकटून बंद करतं. झोपलेल्या पंपाला ते काही करत नाही, आणि पंप जागे होतात खाण्याने. म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. हा सल्ला आठ वाजता नाश्ता करणाऱ्या शहरातल्या माणसाचा. शेतावर जाणाऱ्याचं पहाटे साडेपाचला कॅप्सूल, सहाला चहा, आणि भाकर थेट अकराला धुऱ्यावर. खरे पंप अकराला चालू होतात, तोवर औषध बहुतेक उतरलेलं. मग दुपारी निंदायला वाकलं की घशाशी आंबट पाणी, आणि 'गोळी कामाची नाही'. उपाय फुकटचा आहे. कॅप्सूल शिदोरीसोबत बांधायची आणि दहा-सव्वादहाला, भाकरीच्या पाऊण तास आधी घ्यायची. पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात. गोळी चघळायची नाही, फोडायची नाही, कुटून तर मुळीच नाही. वरचं आवरण जठरातून सुखरूप पुढे जाण्यासाठीच असतं. आणि 'जेवणानंतर' असं पाकिटावर लिहिणाऱ्याला अर्धा तारा कमी.

आता मुख्य मुद्दा, बुरशीने पित्त होतं का. उलट दिशा जास्त खरी आहे. कॅन्डिडा कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात शांत बसलेला असतो. तो आम्लही सोसतो, त्यामुळे 'आम्ल कमी असलं की बुरशी होते' इतकं सरळही नाही. पण आम्ल महिनोन् महिने बंद ठेवलं, आतड्याची चाल मंद असली, वारंवार अँटिबायोटिक झालं, साखर ताब्यात नसली, तर तो वाढायला मोकळा होतो. लहान आतड्यात असा यीस्ट वाढू शकतो, हे अमेरिकेतल्या तपासण्यांत दिसलं आहे, आणि आम्लाच्या गोळ्या व मंद चाल या दोन्ही गोष्टी त्यात धोका वाढवणाऱ्या निघाल्या. त्याची लक्षणं म्हणजे ढेकर, पोट फुगणं, मळमळ, गुडगुड, पातळ शौच. ढेकर आणि फुगणं आलं की जठराच्या तोंडावरची झडप वारंवार सैल पडते आणि आंबट वर येतं. संबंध आहे तो इथे, म्हणजे गॅसमार्गे. पण तोच गॅस तुरीचं वरण, हरभरा, चवळी खाऊन आतड्यातले जीवाणूही करतात, आणि बहुतेकांच्या पोटात तेच करतात. सगळा दोष यीस्टच्या माथी मारणं म्हणजे वावरात एक गवत दिसलं म्हणून आख्खा माल सोडून देणं.

तपासण्यांचं सांगायलाच हवं, कारण पैसे तिथेच जातात. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि थुंकीचे धागे खाली लोंबले की 'बुरशी आहे', ही मोबाईलवरची परीक्षा बोगस आहे. ते धागे लाळेतल्या चिकट पदार्थाचे असतात, सगळ्यांचेच लोंबतात. शौचात कॅन्डिडा सापडला, यालाही फारसा अर्थ नाही. तो तिथे असतोच. फुंकून करायची हायड्रोजनची तपासणी जीवाणूंसाठी आहे. यीस्ट हायड्रोजन करत नाही, त्यामुळे तो तिथे पकडला जात नाही. लहान आतड्यातला यीस्ट खात्रीने सांगायचा तर दुर्बिणीतून तिथला रस काढून संवर्धन (त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) करावं लागतं, आणि ते तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. अन्ननलिकेतला कॅन्डिडा मात्र साध्या एंडोस्कोपीत दिसतो, पांढरे चिकटलेले ठिपके-पट्टे, आणि त्याचा नमुना घेता येतो. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं रुग्णालय गाठावं, आणि डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी जावं.

त्याची ओळख घरी करायची खूण एकच: जळजळ नव्हे, गिळताना दुखणं. पाण्याचा घोट, भाताचा घास छातीच्या मधोमध खुपत उतरला, आणि सोबत जिभेवर पांढरा थर दिसला, तर शंका घ्यावी. हा थर ओल्या कापडाने पुसला की निघतो, खाली लालसर दिसतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याने इथे नीट लक्ष द्यावं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे आणि पुसून निघत नाही, तर ती बुरशी समजून गोळ्या खात बसू नये, तोंडाच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात दाखवावा. आणि तंबाखू झडप सैल पाडते ते वेगळंच. रात्री खर्रा तोंडात धरून झोपणाऱ्याने पॅन्टोप्राझोलला नावं ठेवू नयेत.

अन्ननलिकेतला कॅन्डिडा सिद्ध झाला तर फ्लुकोनाझोल २०० ते ४०० मिलिग्रॅम रोज, दोन ते तीन आठवडे असा कोर्स असतो. मेडिकलमधून १५० ची एक गोळी आणून 'पोट साफ केलं' म्हणणाऱ्यांनी पैसे नाल्यात टाकले. ती एकच गोळी बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याच्या एका प्रकारासाठी आहे. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्याने तर विचारल्याशिवाय फ्लुकोनाझोल घेऊच नये. शुगर एकदम उतरू शकते, आणि ती शेतात उतरली तर जवळ कोणी नसतं. गरोदर बाईनेही नाही. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढणाऱ्याला बुरशी घशात लागते, त्यावर उपाय पाण्याचा: प्रत्येक वेळी पंप झाला की गुळणी करून थुंकायचं. कवळी रात्री काढून ठेवायची.

पावडरच्या पुडीबद्दल चौथ्या महिन्यापर्यंत चांगलं मत होतं. आता तिला एक तारा, आणि तोही पित्तासाठी नव्हे. तिच्यात असतो सॅकरोमायसिस बोलार्डी. हा स्वतःच यीस्ट! १९२० च्या दशकात आंरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून वेगळा केला. अँटिबायोटिकने लागणाऱ्या जुलाबावर तो चांगला, कारण अँटिबायोटिकने यीस्ट मरत नाही. पण फ्लुकोनाझोलने मरतो. म्हणजे एकाच पाकिटात यीस्ट मारायची गोळी आणि यीस्टचीच पुडी, दोन्ही सकाळी सोबत! गरम पाण्यात घातली तरी ती वाया, कोमट किंवा साध्या पाण्यात घालावी. पुडीवर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं, ते चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली कुठून आणायचं? ज्याची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, किंवा ज्याच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, त्याला ही पुडी देऊच नये. बाकीच्यांनी घरचं ताक प्यावं. भाकरीत यीस्ट नसतं, आणि पावाचं यीस्ट पोटात जाऊन कॅन्डिडा होत नाही. म्हणून 'बुरशीचं पथ्य' म्हणत दही-आंबील सोडायची गरज नाही.

सोड्याचंही एक. अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यात घेतला की ढेकर येऊन हलकं वाटतं, पण त्यात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. बीपीवाल्याने रोज घेऊ नये.

सहाव्या महिन्यात गोळी एकदम बंद केली तर काय होतं, ते आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. पंप महिनोन् महिने दबलेले असतात, सोडले की जास्तीचं आम्ल सोडतात. २००९ साली डेन्मार्कमधून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पित्त नसलेल्या १२० लोकांपैकी अर्ध्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली. बंद केल्यावर त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ किंवा अपचन सुरू झालं, खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे बंद केल्यावर येणारं पित्त हे जुनं पित्त असेलच असं नाही, आणि बुरशी तर नाहीच. डॉक्टरला विचारून ४० वरून २० वर यावं, दोन आठवड्यांनी एक दिवसाआड, मग बंद. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर पातळ अँटासिड चालतं. रक्त पातळ करायची गोळी किंवा सांधेदुखीच्या गोळ्या रोज चालू असतील तर पॅन्टोप्राझोल आपल्या मनाने बंद करू नये, तिथे ती जठराला जखम होऊ नये म्हणून दिलेली असते. घास अडकतो, वजन उतरतं, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं, यांतलं काही असेल तर हे सगळं वाचत बसू नये, दवाखाना गाठावा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम सुटला, तर ते पित्त समजू नये.

आणि या सगळ्यात पाच तारे मिळवलेली वस्तू मेडिकलमध्ये मिळतच नाही. विटा. रात्रीच्या लाइनला ओलित करून दहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, तिथे कोणती कॅप्सूल पुरणार? खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या रचायच्या, उंची सुमारे सहा इंच होते. उशीवर उशी चालत नाही, कंबर दुमडून पोटावर दाब येतो. दोरीची बाज असेल तर आधी पायथ्याची दोरी ओढून ताठ करावी. सैल बाजेत माणूस मधोमध खड्ड्यात घसरतो, आणि विटांचा चढ तिथेच संपतो. विटांवर पोत्याचा तुकडा घालावा, नाहीतर पाय सरकतो. झोपताना डावी कूस.