काळोख्या ब्रिटिश मालिका: सुरुवात कुठून करावी?

पहिली पसंती निःसंशय 'हॅपी व्हॅली'ला. तीन पर्वं (२०१४, २०१६, २०२३), प्रत्येकी सहा भाग, एवढाच पसारा. पगारवाढ नाकारली गेलेला एक हिशेबनीस मालकाच्या मुलीच्या अपहरणाची कल्पना गुंडांना देतो आणि पुढे सगळं त्याच्या हाताबाहेर जातं. गुन्हेगार कोण हे आपल्याला आधीच कळतं, तरी जीव टांगणीला लागतो, कारण सॅली वेनराइटचं लेखन माणसांच्या घाबरण्यावर उभं आहे. सारा लँकेशायरची सार्जंट कॅथरीन नातवाला वाढवते. शेवटच्या पर्वाआधी सात वर्षं गेली, त्यात नातवाचं काम करणारा मुलगा खरोखर मोठा झाला. त्या प्रसंगांना वजन येतं ते त्यामुळे. यॉर्कशायरची बोली कानाला जड जाते ('नाउट' म्हणजे काही नाही, 'समट' म्हणजे काहीतरी), तेव्हा इंग्रजी सबटायटल्स लावाच.

'इनसाइड नंबर नाइन'चा भाग साधारण अर्ध्या तासाचा, कथा दर वेळी नवी. दादर ते बोरिवली प्रवासात एक सहज संपतो. पण पहिल्या पर्वातला, जवळजवळ संवादच नसलेला 'अ क्वाएट नाइट इन' लोकलमध्ये पाहू नका. सगळी गंमत हालचालींत आणि बारीक आवाजांत आहे, गर्दीत ती निसटते. तो रात्री घरीच, पंखाही मंद करून.

'ब्रॉडचर्च'चं पहिलं पर्व उत्तम. दुसरं कोर्टात रेंगाळतं, टाळलं तरी चालेल.