विशेष शाळेत दहा महिने: लेकीच्या तक्त्यातला 'एनई' हा शेरा

आमची लेक अकरा वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही तिला नेहमीच्या शाळेतून काढून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत घातलं. आता मार्च संपत आलाय. शाळा शोधत होतो तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडून एकच उत्तर मिळायचं, "चांगली आहे हो, मुलं खूश असतात." मला मात्र मुलं अकरा ते साडेचार तिथे नेमकं काय करतात आणि त्यातून वर्षभरात काय हाती लागतं, हे हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

आधीच्या शाळेत ती चौथीपर्यंत होती. तिथे तिला कुणी त्रास दिला नाही, उलट वर्गातल्या मुली डबा उघडून द्यायच्या, दप्तर भरून द्यायच्या. पण पन्नास मुलांच्या वर्गात तिच्या वाट्याला शेवटचा बाक आणि रंगपेटी एवढंच येत होतं. एक ते वीस आकडे घडाघडा म्हणायची, आणि "चार चमचे आण" म्हटलं की मूठभर घेऊन यायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे शाळा बदला असं आम्हाला कुणी म्हणू शकत नव्हतं, तो निर्णय आमचा होता. सगळ्यांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. आधार देणारी शिक्षिका आणि लहान वर्ग मिळाला असता तर कदाचित आम्हीही तिथेच राहिलो असतो.

विशेष शाळेतले पहिले तीन आठवडे मला काही कळेचना. वही नाही, अभ्यास नाही. ताई (तिथे शिक्षिकांना ताई म्हणतात) नुसत्या तिच्याकडे बघत असायच्या आणि टिपून ठेवायच्या. जुलैत मला बोलावून त्यांनी तक्ता समोर ठेवला. एफएसीपी म्हणतात त्याला. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी तयार केलेली ही तपासणी यादी आहे. मूल पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक अशा कुठल्या गटात बसतं हे त्यावरून ठरतं, आणि त्या गटातल्या ८० टक्के गोष्टी जमल्या की ते पुढच्या गटात जातं. वयाचा आणि इयत्तेचा फारसा संबंध नाही. प्रत्येक कौशल्यापुढे नुसतं 'येतं' किंवा 'येत नाही' असं लिहीत नाहीत. स्वतः करते, अधूनमधून खूण करावी लागते, तोंडी सांगावं लागतं, हात धरून करून घ्यावं लागतं, अशा पायऱ्या असतात. आणि एक शेरा असतो 'एनई', म्हणजे नो एक्स्पोजर. मुलाला ती गोष्ट करायची संधीच मिळालेली नाही.

मी घरी येऊन मोजलं. तेवीस ठिकाणी एनई होतं. तांब्याने अंगावर पाणी घेणं, जगमधून पेल्यात पाणी ओतणं, स्वतःचे कपडे घडी करणं, दाराची कडी काढणं, जेवल्यावर ताट उचलणं, दुकानात पैसे देणं. अकरा वर्षं तिला अंघोळ सासूबाईंनी घातली. सांडेल म्हणून पाणी मी ओतून दिलं, उशीर होईल म्हणून गुंड्या तिच्या बाबांनी लावल्या. सगळं प्रेमाने केलं. तिला जमत नाही असं आम्ही समजत होतो त्यातलं कितीतरी आम्ही तिला कधी करूच दिलं नव्हतं. ताई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "हे तेवीस तुमचे आणि आमचे मिळून आहेत." या शाळेचा अनुभव सांगायचा तर मी त्या तेवीस ओळींवरूनच सांगू शकते.

एका तिमाहीत फक्त पाच-सहा उद्दिष्टं घेतात. सुरुवातीला मला हे फार कमी वाटलं. मग गुंडी लावायला किती दिवस लागतात ते पाहिलं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, बोटं आखूड असतात, चिमटीत जोर नसतो. त्यामुळे पहिला महिना गुंडीला हातच लावला नाही. ओला स्पंज एका वाडग्यातून दुसऱ्यात पिळणं, दोरीवर चिमटे लावणं, कणकेच्या गोळ्या करणं, हेच चाललं होतं. मग जाड कापडाच्या पट्टीवरची रुपयाएवढी मोठी गुंडी आली. तीही उलट्या क्रमाने शिकवली. गुंडी अर्धी काजातून ताई ढकलणार, आणि शेवटची ओढ फक्त तिने द्यायची. म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद दर वेळी तिच्या हातात. ते जमलं की त्याच्या आधीची पायरीही तिच्याकडे. चड्डी-पायजमा, चप्पलचा पट्टा, डब्याचं झाकण, सगळं याच पद्धतीने. घरी मी बरोबर उलटं करत होते, सुरुवात तिला करायला लावायचे आणि अडली की पुढचं मी करून टाकायचे. दिवाळीच्या सुमारास तिने फ्रॉकच्या पुढच्या तीन गुंड्या सात मिनिटांत लावल्या. सासूबाई शेजारी बसून होत्या. दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

आता उपक्रम. राख्या, शाडूच्या मातीचे गणपती, रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटं हे सगळ्याच विशेष शाळांत असतं आणि स्टॉलवर आपण कौतुकाने विकतही घेतो. त्यातलं बरंचसं ताईच करत असतील असा माझा समज होता. काही वस्तूंच्या बाबतीत तो खराही निघाला. राखीवर मणी चिकटवण्याचं बारीक काम बहुतेक मोठ्यांनीच केलं होतं, लेकीने दोरे कापले. पण उटण्याचं काम मी दोन दिवस बसून पाहिलं आणि माझं मत बदललं. पाच मुलं ओळीने बसलेली. एक चमच्याने उटणं घालतो, दुसरा वजनकाट्यावर ठेवतो. त्याला आकडा वाचता येत नाही, म्हणून काट्याशेजारी पन्नासचा आकडा लिहिलेलं कार्ड ठेवलंय, पडद्यावर तसंच दिसलं की पुढे द्यायचं. तिसरा पाकीट बंद करतो, चौथी लेबल लावते. आमची लेक शेवटी. तिच्यासमोर पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखलेले, प्रत्येकात एक पाकीट ठेवायचं, दहाही भरले की खोक्यात. वीसपर्यंत आकडे पाठ असून जिला चार चमचे मोजता येत नव्हते, ती मुलगी त्या पुठ्ठ्यावर एकास-एक ठेवायला शिकली. डिसेंबरमध्ये पुठ्ठ्याचे चौकोन पाचवर आणले, मग काढूनच टाकले. आता जेवायच्या वेळी पाच ताटं मांड म्हटलं की पाच मांडते. सहा मांड म्हटलं की कधी कधी सात होतात.

ज्यांना शाळा बघायची असेल त्यांनी स्टॉलवरची वस्तू न बघता ती बनताना बघावी. यातली कुठली पायरी मुलगा करतो, किती मदतीने करतो, आणि ती मदत पुढच्या महिन्यात कमी कशी करणार, हे विचारावं. नीट उत्तर मिळालं तर तिथे खरंच शिकवलं जातं असं समजायला हरकत नाही.

दर बुधवारी गट बाजारात जातो. भाजीवाल्या मावशींकडे लिंबू, कोथिंबीर. खेळण्यातल्या नोटा वापरत नाहीत, खरी दहाची नोट आणि खरी भाजी. लेकीचं काम आधी फक्त नोट पुढे करायचं होतं, मग पिशवी धरायची, मग "दहाची कोथिंबीर" म्हणायचं. "को-बी" असं काहीतरी म्हणते ती. पहिल्या वेळी मावशींनी कोबी हातात दिला, तेव्हा तिने मान हलवून जुडीकडे बोट दाखवलं. आपलं म्हणणं कळलं नाही तर रडून सोडून द्यायची तिची सवय होती. त्यामुळे ताईंनी वहीत लिहून पाठवलेली ती दोन ओळींची चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

सगळ्यात कमी प्रगती बोलण्यात झाली आणि त्याला शाळेची व्यवस्था कारण आहे. प्रवेशाच्या वेळी स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एकदा, तीही गटात, वीस मिनिटं. ऑक्टोबरमध्ये थेरपिस्ट सोडून गेल्या आणि नव्या येईपर्यंत जवळपास अडीच महिने काहीच नव्हतं. आम्हाला ते डिसेंबरच्या पालकसभेत कळलं. वेळेवर सांगितलं असतं तर बाहेर सोय केली असती. मुलाच्या आयुष्यातले अडीच महिने पालकांना न सांगता रिकामे जाऊ देणं मला मान्य नाही, आणि हे मी सभेत बोलले. वर्गताईंनी मात्र चित्रांची पट्टी करून दिली होती. अंघोळ, नाश्ता, रिक्षा, शाळा, डबा, घर. सकाळी पुढे काय हे तिला दिसतं, आणि घरातली रडारड निम्म्याने कमी झालीय.

दुसरी तक्रार स्नेहसंमेलनाची. जानेवारीचा पूर्ण महिना आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरावात गेला. नाचात ती तालावर हात हलवते, पाहुणे टाळ्या वाजवतात, माझेही डोळे भरून आले, ते खोटं नाही. पण त्या पाच आठवड्यांत वैयक्तिक उद्दिष्टांचा एकही तास झाला नाही आणि अंघोळीचं शिकवणं मागे पडलं. तीन मिनिटांच्या नाचासाठी हा फार वेळ आहे. नाच अर्धा तास ठेवून बाकी दिवस नेहमीचा चालवता आला असता.

खेळांच्या बाबतीत मात्र शाळेची काळजी मला पटली. मैदानी स्पर्धांच्या आधी त्यांनी मानेचा एक्स-रे मागितला, मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेला. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो, अशा मुलांना कोलांटउडी किंवा मानेवर जोर येणारे खेळ धोक्याचे. अकरा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा एक्स-रे ठीक निघाला. ती बोची खेळते, चेंडू पांढऱ्या लहान चेंडूच्या जवळात जवळ टाकायचा खेळ. आपला नंबर येईपर्यंत थांबणं ती तिथेच शिकली. सप्टेंबरमध्ये ती पेंगते, कामाला हात लावत नाही, असं वहीत लागोपाठ तीन दिवस लिहून आलं. आळस म्हणून सोडून न देता ताईंनी थायरॉइड तपासायला सांगितलं. खरंच बिघडलेलं निघालं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना थायरॉइडचा त्रास पुष्कळदा होतो, वर्षातून एकदा रक्त तपासावंच.

खर्चाचं थोडक्यात. अनुदानित शाळेत जागा नव्हती, इथे महिना ३५०० रुपये आणि रिक्षा वेगळी. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून ठेवा, एसटीच्या सवलतीपासून सगळीकडे तेच मागतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. पण बिलावर तारीख आणि थेरपिस्टची सही-शिक्का लागतो. शिकवणाऱ्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, चांगली शाळा तो लगेच दाखवते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बरंच मागे गेलं होतं. पंधरा दिवस पाहुणे, गडबड, पुन्हा सगळ्यांनी तिचं सगळं करून दिलं. शाळा सुरू झाल्यावर गुंडी पुन्हा हात धरण्यापर्यंत आली आणि सावरायला तीन आठवडे लागले. म्हणून या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मी ताईंकडून कागदावर लिहून घेतलंय, रोज काय आणि कुठल्या पायरीपर्यंत.

गेल्या आठवड्यात नवा तक्ता मिळाला. तेवीसपैकी एनई चार राहिलेत. नऊ ठिकाणी तोंडी सांगावं लागतं, चार ठिकाणी हात धरावा लागतो. सहा गोष्टी ती स्वतः करते: पाणी ओतणं, ताट उचलणं, कडी काढणं, पुढच्या गुंड्या, स्वतःचा टॉवेल दोरीवर घालणं, आणि दुकानात पैसे देणं. गट अजून प्राथमिकच आहे, ८० टक्के झालेले नाहीत, आणखी वर्ष लागेल असं ताई म्हणाल्या.

राहिलेल्या चारांत एक आहे 'घरापासून जवळच्या ठिकाणी एकटी जाते'. आमच्या घरापासून चौथ्या दारावर किराणा दुकान आहे. ताईंनी विचारलं, सुट्टीत सुरुवात कराल का? मला अजून भीती वाटते. दुकानदारकाकांशी बोलून ठेवलंय. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी सातला, गल्लीत गाड्या नसतात तेव्हा, दुकानाच्या पायरीपर्यंत मी तिच्याबरोबर जाणार आणि शेवटची दोन पावलं ती एकटी टाकणार.