पाठीवर ५ नंबर : स्लोव्हेनियाची २०१० ची जर्सी

स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानात, रविवारी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका आजोबांच्या टेबलावरून स्लोव्हेनियाच्या फुटबॉल संघाची ही जर्सी मी ३५ युरोला उचलली. पांढरी, छातीवर आडवी हिरवी नागमोडी पट्टी. त्रिग्लाव डोंगराची शिखरं छातीवर आणल्यासारखी दिसते. पाठीवर ५ आणि त्याच्या वर बचावपटू बोश्त्यान त्सेसारचं आडनाव. मी 'सेसार' वाचलं, आजोबांनी लगेच थांबवलं. आपल्या चाकातला 'च' असतो ना, सुरुवात तशी करायची.

ढिगात स्ट्रायकरच्या जर्सी होत्या, पण मी कॉलेजात स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळले आहे, त्यामुळे हात पाचवरच गेला. स्टॉपरच्या नावाची जर्सी सहसा मिळतच नाही. लोक गोल करणाऱ्याची घेतात.

आणि हा साधा स्टॉपर नव्हे. २०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात स्लोव्हेनियाने १० सामन्यांत फक्त ४ गोल खाल्ले. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या दोन सामन्यांच्या फेरीत, रशिया. मॉस्कोत १-२ अशी हार, पण मारिबोरला देदिचच्या गोलवर १-० जिंकले. एकूण २-२ बरोबरी झाली आणि परक्या मैदानावर केलेल्या एका गोलच्या जोरावर जेमतेम २० लाख वस्तीचा देश दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथे अल्जीरियाला १-० हरवलं. अमेरिकेविरुद्ध मध्यंतराला २-० पुढे होते. नंतर लांबून आलेला चेंडू त्सेसारला अडवता आला नाही आणि अमेरिकेच्या डोनोव्हनने उजवीकडून घुसून जवळून वर जाळ्यात ठोकला. सामना २-२ सुटला. तो क्षण मला अजून टोचतो. स्टॉपरची नव्वद मिनिटं कोणी मोजत नाही, तो एक चेंडू मात्र सगळ्यांना आठवतो.

खरं तर मोजायला भरपूर आहे. झाग्रेब, मार्सेय, वेस्ट ब्रॉम, ग्रेनोब्ल अशा क्लबांकडून खेळला, मग इटलीत क्येव्होकडे कितीतरी मोसम. देशासाठी २००३ ते २०१८, १०१ सामने. शंभरी गाठणारा पहिला स्लोव्हेनियन तोच. वर १० गोल, तेही मागे खेळून!

आता कापडाबद्दल. त्या वेळी नायकीने या संघाच्या जर्सी टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवल्या होत्या, एकीला आठपर्यंत बाटल्या. अंगाला अजिबात टोचत नाही, घाम लगेच सुकतो. बगलेतली शिवण इतक्या वर्षांनीही घट्ट आहे. माप मात्र अंगाबरोबर बसतं, सैल आवडत असेल तर एक माप मोठं घ्या.

तक्रार एकच, पण मोठी. नावातलं शेवटचं अक्षर खालून सुटलेलं होतं. आजोबांनी ते दाबून, घडीत आत वळवून दिलं, घरी उघडल्यावर कळलं. पहिल्या धुण्यात ते आणखी दोन बोटं उचकटलं. आधी सांगितलं असतं तरी मी घेतलीच असती, म्हणून जास्त वाईट वाटलं. तुम्ही घेताना जर्सी पूर्ण उलगडा, पाठ उजेडात धरा, अक्षरांच्या कडांवरून नख फिरवून बघा. धुताना उलटी करून, गार पाण्यात, हाताने. इस्त्री थेट नंबरावर चुकूनही नको.

मी ते अक्षर पातळ कापड मध्ये ठेवून कोमट इस्त्रीने पाच सेकंद दाबलं, धरलंय. येत्या शनिवारी हीच घालून खेळणार आहे.