मामा तलावात फिश फाइंडर: ऑक्टोबर ते मे वापरल्यावर

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. पाच इंची पडदा, ८३ आणि २०० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी पकडणारा भाग), १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत, तीन-चार मीटर पाण्यात, डोंग्यावरून आठ महिने वापर झाला. विकत घेण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या: हे यंत्र मासा बघत नाही, हवा बघतं. माशाचं मांस घनतेला जवळपास पाण्यासारखंच, त्यातून आवाज बराचसा आरपार जातो. परत येतो तो मुख्यतः पोटातल्या वाताशयावरून, म्हणजे हवेच्या पिशवीवरून.

समुद्रातही तेच. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या सोनार यंत्रावर शेकडो मीटर खोल एक खोटा तळ दिसायचा. तो थर रात्री वर येतो, हे १९४५ साली मार्टिन जॉन्सन यांनी सान डिएगोजवळ दाखवलं. थर सजीवांचा होता. त्यातला बराचसा प्रतिध्वनी वाताशय असलेल्या बारक्या माशांचा आणि वायूची पिशवी बाळगणाऱ्या प्राण्यांचा.

ट्रान्सड्यूसर बांबूला घट्ट बांधून डोंग्याच्या कडेला १५ सेंटिमीटर पाण्याखाली ठेवा, तोंड सरळ खाली. बुडवल्यावर त्यावरून एकदा ओलं बोट फिरवा. तिथे चिकटलेले बारीक बुडबुडे राहिले की पडदा दुधाळ होतो आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो.

माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ती काडीकचऱ्यालाही मासा म्हणते. आपोआप जुळवणी करणारा ऑटोही बंद. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे प्रतिध्वनी टिपण्याची तीव्रता, पडदाभर ठिपके येईपर्यंत वाढवा, मग ठिपके जाईपर्यंत उतरवा. डोंगा हळू चालत असताना मासा कमानीसारखा उमटतो. डोंगा उभा आणि मासाही खालीच थांबलेला असेल तर लांब रेघ येते. ती एकाच माशाची असू शकते, थवा समजू नका.

२०० किलोहर्ट्झवर आवाजाचा झोत साधारण २० अंशांचा, म्हणजे तीन मीटरवर जेमतेम एक मीटरचा गोल. ८३ वर तो ६० अंशांच्या आसपास, साडेतीन मीटरचा गोल. पण झोताच्या कडेला तळालगतचं सुमारे ४० सेंटिमीटर पाणी तळाच्याच प्रतिध्वनीत बुडतं. रोहू मधल्या पाण्यात, म्हणून तो सगळ्यात नीट दिसतो. मृगळ तळाशी, तो निम्मा हुकतो. कतला वरच्या थरात. वरचं अर्धा मीटर यंत्राला आंधळं, शिवाय डोंग्याच्या चाहुलीनेच तो बाजूला होतो. पडद्यावर कतला नाही म्हणून तलावात कतला नाही, असा हिशेब कधीही करू नका.

झिंग्यासाठी हे घेऊ नका. झिंग्याला वाताशयच नाही, वर तो तळाला चिकटून. समुद्रात क्रिल (झिंग्यासारखे बारीक जीव) शोधताना ३८ आणि १२० किलोहर्ट्झचे प्रतिध्वनी ताडून बघतात, पण त्याला मोजमाप करून जुळवलेली यंत्रं लागतात. तलावात सोडलेली बोटुकलीही (माशांची बोटभर पिल्लं) मोजून होत नाही, नुसता ढग दिसतो.

सर्वात जास्त फसवणूक एप्रिल-मेमध्ये होते. तापलेल्या गाळातून मिथेनचे बुडबुडे सुटतात आणि जोरदार खुणा उमटतात. डोंगा पाच मिनिटं उभा ठेवा: तळातून निघून वर चढत जाणारी तिरपी रेघ म्हणजे बुडबुडा. मासा अशी सरळ चाल करत नाही. दुपारी पाणवनस्पतींच्या पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात, तेव्हा झुडूपच तळासारखं दिसतं. म्हणून फेरी सकाळीच मारा.

गाळासाठी मात्र यंत्र अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडलं. २०० ची लाट मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परतते. त्याच जागी बांबू टोचला की तो आणखी खाली जातो. पडद्यावरचा आकडा आणि बांबूची खोली यांतला फरक म्हणजे गाळ. पाण्याच्या पातळीपासूनच मोजायचं, म्हणून ट्रान्सड्यूसर बुडालेले १५ सेंटिमीटर आकड्यात मिळवायला विसरू नका. तलावाच्या पाळीपासून (बांधापासून) दर दहा मीटरवर हे वहीत लिहिलं की उपसा कुठून सुरू करायचा ते कळतं.