पंखाचा तुकडा गळाला: विमानातल्या मंडळींना पाच तारे, कंपनीला दोन

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. कॅप्टन आणि केबिन क्रू यांना पाचपैकी पाच. विमान उतरल्यावर कंपनीने जे केलं त्याला दोन, आणि तेही दुसरं विमान त्याच संध्याकाळी उभं करून दिलं म्हणून. कंपनीचं नाव देत नाही. असा प्रसंग कुठल्याही कंपनीच्या विमानात येऊ शकतो. मला लिहायचंय ते त्यानंतर कोण कसं वागलं याबद्दल.

मी निवृत्त होईपर्यंत विमानांच्या देखभालीत काम केलं. हँगरमध्ये कमी, लाईनवर जास्त; म्हणजे विमान उतरून पुन्हा उडेपर्यंतच्या वेळात हातात टॉर्च घेऊन त्याच्या पोटाखाली. त्यामुळे प्रवासात मी पंखाच्या मागची खिडकी मागून घेते. त्या जागेवरून पंखाची मागची कड, फ्लॅप (उडताना-उतरताना पंखाच्या मागून बाहेर येणारी पाती), स्पॉयलर (पंखाच्या वर उभ्या राहणाऱ्या झडपा) सगळं दिसतं आणि मला ते बघायला आवडतं.

त्या दिवशी उड्डाण झालं, चाकं आत गेली, फ्लॅप मिटू लागले. पंखाच्या मागच्या बाजूला खाली होडीच्या आकाराची लांबट आवरणं असतात, त्यांना फेअरिंग म्हणतात. फ्लॅप पुढेमागे करणारे रूळ आणि स्क्रू-जॅक त्यांच्या आत झाकलेले असतात. आवरणाचं निमुळतं शेपूट पंखाच्या कडेबाहेर डोकावतं, म्हणून ते प्रवाशालाही दिसतं. माझ्या बाजूचं एक शेपूट थरथरत होतं. शेजारचं स्थिर होतं, त्यामुळे फरक लगेच डोळ्यात भरला. उडताना पंख हलतो, टोक तर चांगलं वरखाली होतं, आणि ते तसं व्हायलाच हवं. हे हलणं वेगळं होतं. सांध्यापाशी एक काळी फट उघडत होती, मिटत होती.

मी बोलावण्याचं बटण दाबलं आणि घड्याळ पाहिलं. पट्ट्याची खूण अजून चालू होती, तरी क्रूमधली मुलगी उठून आली. ती पोचेपर्यंत शेपूट गेलं होतं. उरली होती फाटकी कड आणि आतल्या लोखंडी भागाची चमक. त्याचा मी फोटो घेतला.

आता या मुलीचं कौतुक. तिने मला ‘काळजी करू नका’ म्हटलं नाही. दोघांच्या मांडीवरून वाकून तिने स्वतः खिडकीतून पाहिलं, मग विचारलं: कुठला पंख, काय पाहिलंत, किती वाजता? माझं उत्तर तिने मला परत म्हणून दाखवलं, फोटो पाहिला आणि कॉकपिटला फोन लावला. थोड्या वेळाने को-पायलट स्वतः येऊन पाहून गेले. मग कॅप्टनची घोषणा झाली, अगदी सरळ शब्दांत. पंखाखालच्या आवरणाचा मागचा भाग निसटलाय, विमान नीट ऐकतंय, तरीही आपण परत जातोय, धावपट्टीच्या कडेला अग्निशमनाच्या गाड्या दिसतील त्या खबरदारी म्हणून. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई रडायला लागल्या होत्या, त्या घोषणेनंतर शांत झाल्या. लोकांना खरं सांगितलं की लोक घाबरतात, हा समज किती चुकीचा आहे हे त्या केबिनमध्ये दिसत होतं.

काही वेळ घिरट्या घालून आम्ही उतरलो. लँडिंग नेहमीसारखं झालं. उतरताना कॅप्टन दारात उभे राहिले आणि ज्याने जे विचारलं त्याला उत्तर देत होते.

हे इतकं शांतपणे होऊ शकलं त्याला कारण आहे. त्या आवरणावर विमान उडत नाही. ते हवेचा अडथळा कमी करतं. ते गेलं की इंधन थोडं जास्त लागतं. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी एक मंजूर यादी असते, तिला सीडीएल म्हणतात: कुठला बाहेरचा भाग नसताना उडता येतं, आणि उडायचं तर वजन किती कमी करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. खिडकीतून पंखावर चंदेरी पट्टी चिकटवलेली दिसली तर तीही साधी टेप नसते. तिला स्पीड टेप म्हणतात, अॅल्युमिनियमची असते, आणि नियमात बसेल तिथेच, नोंद करूनच लावायची असते. खिडकीच्या आतल्या प्लास्टिकवर चरा दिसतो, तो तर हाताने आणि डोक्याने घासून झालेला. हवेचा दाब पेलणारी काच त्याच्या बाहेर असते. अशा गोष्टींनी कुणी झोप उडवून घेऊ नये.

मात्र भाग गळणं ही किरकोळ बाब आहे असं मी कधीच म्हणणार नाही. गळलेला भाग खाली कुठेतरी जातो. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर एका डीसी-10 विमानाच्या इंजिन-आवरणाची टायटॅनियमची पट्टी गळून पडली. अर्ध्या मीटरहूनही लहान होती ती. काही मिनिटांनी तिथूनच काँकॉर्ड हे प्रवासी विमान निघालं, त्याचं टायर त्या पट्टीवर फाटलं, टायरचा तुकडा पंखाच्या टाकीखाली आदळला, आग लागली. विमानातले 109 आणि जमिनीवरचे 4 जण गेले. ज्या डीसी-10 मधून ती पट्टी पडली ते विमान सुखरूप पोचलं होतं. ती पट्टी बदलताना निर्मात्याने सांगितलेली पद्धत पाळली नव्हती, असं तपासात निघालं.

म्हणून कंपनीच्या उत्तराचा मला राग आला. टर्मिनलमध्ये फलकावर ‘तांत्रिक कारण’ एवढंच. काउंटरवरच्या मुलांना काही सांगितलेलंच नव्हतं, त्यांचा दोष नाही. मी एका अधिकाऱ्याला गाठून म्हटलं, माझ्याकडे फोटो आहे, वेळ आहे, तुमच्या देखभाल विभागातल्या कुणाशी तरी बोलू द्या. त्यांनी मला प्रवासी तक्रारींचा ईमेल पत्ता लिहिलेला कागद दिला. मी घरी येऊन सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, प्रवाशांच्या सुरक्षिततेशी कुठल्याही क्षणी तडजोड झाली नाही, विमान सुखरूप उतरलं.

विमान सुखरूप उतरलं हे मला ठाऊक आहे, मी आतच होते. मी विचारलं होतं की तो तुकडा कुठे पडला. मी स्वतः पाहिलं होतं की धावपट्टी सोडली तेव्हा तो जागेवर होता आणि चढत असताना गेला. वेळ हाताशी असेल तर त्या मिनिटाला विमान नकाशावर कुठे होतं ते निघतं आणि शोधायची जागा केवढी तरी लहान होते. तो फोटो मागायला आजपर्यंत कुणीही फोन केलेला नाही.

आणि तो फोटो बोलका आहे. मोठा करून पाहिला की फाटलेल्या कडेवर स्क्रूंच्या भोकांची ओळ दिसते. काही भोकं गोल आहेत. ओळीच्या एका टोकाची भोकं मात्र ताणून लांबट झालेली आहेत आणि त्यांच्याभोवती घासल्याचे काळसर डाग आहेत. हे एका उड्डाणात होत नाही. अशा जागी स्क्रू ज्या नटप्लेटमध्ये (आत पक्क्या बसवलेल्या नटमध्ये) बसतो ती झिजली की स्क्रू फिरवताना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण धरून ठेवत नाही. मग आवरण किंचित हलतं, हलण्याने भोक मोठं होतं, भोक मोठं झालं की आणखी हलतं. शेवटी स्क्रूचं डोकं भोकातून आरपार निघून येतं. तपासणीला आलेल्या माणसाने बोटाने दाबून पाहिलं असतं तर कळलं असतं, असा माझा अंदाज. फोटोवरून मी खात्रीने सांगू शकत नाही, पण हँगरमधल्या माणसाला तो दाखवावा एवढं तरी त्यात नक्कीच आहे.

देखभालीतल्या चुका अशाच असतात, साध्या. मे 2013 मध्ये लंडनच्या हीथ्रोहून निघालेल्या एका ए319 विमानाच्या दोन्ही इंजिनांची पंख्यावरची झाकणं उड्डाण होतानाच उडून गेली. रात्री काम करणाऱ्यांनी झाकणांचे लॅच, म्हणजे खिट्ट्या, उघडे ठेवले होते, परत आले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी. तिथली झाकणं बंद दिसली, त्यांना वाटलं कुणीतरी बंद केली असतील. ते लॅच इंजिनाच्या अगदी तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर असतात. गुडघे टेकून वाकल्याशिवाय दिसत नाहीत. मी ते लाखदा केलंय, पावसात ओल्या डांबरावरही. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारून पाहतो, त्यातही ते सुटले. उजव्या इंजिनाला आग लागली, विमान परत आलं, सगळे वाचले.

5 जानेवारी 2024 ला पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 चा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत निघून गेला, तिथेही गोष्ट परत न बसवलेल्या चार बोल्टची. कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला प्लग उघडला होता, आणि उघडल्याची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणून बोल्ट परत बसवलेत का हे तपासायला कुणी गेलं नाही. त्या भोकाला लागून असलेल्या दोन खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या. तो प्लग एका शिक्षकाच्या घरामागे सापडला आणि तपासाला त्याचा मोठा उपयोग झाला. गळलेला भाग शोधायचा तो यासाठी.

प्रवाशाच्या डोळ्यांना किंमत द्यावी याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण 28 एप्रिल 1988 चं आहे. हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या 737 चं छप्पर उड्डाणात फाटून गेलं, केबिनमधली एक कर्मचारी बाहेर फेकली गेली, तिचा देह कधीच मिळाला नाही. विमानात चढताना एका प्रवासी बाईने दाराजवळ पत्र्याला गेलेली चीर पाहिली होती. ती कुणाला बोलली नाही. आपण काय सांगणार, ही विमानवाली माणसं बघतच असतील, असं कुणालाही वाटू शकतं. म्हणून माझ्या विमानातल्या त्या मुलीचं वागणं मला इतकं मोलाचं वाटतं. मी कोण, माझा अनुभव काय, हे तिला माहीत नव्हतं. तिने आधी ऐकलं.

हे सगळ्या कंपन्यांना जमण्यासारखं आहे. 2017 साली ओसाकात एका गाडीवर विमानाचं पॅनेल कोसळलं, त्यानंतर जपानने भाग गळू नयेत म्हणून नियम केले आणि तिथे येणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू केले.

मग या कंपनीने पुन्हा प्रवास करू का? करीन. ज्या कंपनीचा कॅप्टन पंखाचं आवरण गेलं म्हणून वेळापत्रक बाजूला ठेवून मागे फिरतो, तिच्या विमानात बसायला मला भीती नाही. तारे कापलेत ते कार्यालयाचे. पंखामागे बसणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की काही सुटलेलं, लोंबणारं, गळणारं दिसलं तर बटण दाबा, कुठला पंख किंवा इंजिन ते सांगा, वेळ सांगा, फोटो द्या.

कंपनीला मी दुसरं पत्र पाठवलंय, या वेळी फोटोसकट. त्यात विचारलंय की तुकडा सापडला का, तसल्याच बाकीच्या विमानांची तीच आवरणं हाताने तपासली का, आणि पुढच्या वेळी कुणी प्रवासी फोटो घेऊन आला तर त्याला देखभाल विभागाचा नंबर मिळेल का. नीट उत्तर आलं तर इथले तारे वाढवीन.