स्वयंसेवक शिक्षक, परदेशातलं ग्रंथालय आणि ‘कस्टममध्ये अडकलेली’ पुस्तकं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून डी.एड., बी.एड. करून अतिथी शिक्षक म्हणून राबणाऱ्या मुलामुलींना हल्ली एक प्रस्ताव येतो: टांझानियातल्या शाळेत सहा महिने स्वयंसेवक म्हणून शिकवा, तिथे ग्रंथालय उभारा, महिन्याला मानधन घ्या. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पुस्तकांसाठी मदत म्हटलं की इथे कोणी हात आखडत नाही. फसवणारे हेच हेरतात आणि उमेदवाराबरोबर त्याच्या गावाकडूनही वर्गणी काढतात.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी नोंदणी, मग प्रमाणपत्रांचं ॲपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून परराष्ट्र मंत्रालय करतं ते प्रमाणीकरण), मग व्हिसा आणि विमा. ॲपोस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. त्यावर अधिकृत केंद्राचा थोडा सेवाआकार येतो. हजारो रुपये सांगितले तर तिथेच थांबा. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट एजंटाकडे ठेवू नका, पुढे त्याच अडवून पैसे मागतात.

खरा घाव पुस्तकांच्या निमित्ताने बसतो. खोक्यांचे फोटो येतात, बिल येतं, आणि काही दिवसांनी निरोप येतो की माल टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरावर कस्टममध्ये अडकलाय, आज पैसे भरले नाहीत तर दंड चढेल. अशा वेळी बिल नीट वाचा. भारतात छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पुस्तकांच्या किमतीवर १८ टक्के लावलेलं बिल खोटंच. पुस्तकं कुरिअरनेच गेली पाहिजेत असंही नाही. टपालाने ३० किलोपर्यंतचा छापील मजकूर एकाच पत्त्यावर एम-बॅगमधून, म्हणजे छापील मजकुरासाठीच्या खास टपाल थैलीतून, जातो आणि पोस्टाची पावती आपल्या हातात राहते. कस्टमचे पैसे म्हणून कुणाच्या बचत खात्यावर यूपीआय मागितलं तर एक रुपयाही देऊ नका.

‘ही नोकरी नाही, सेवा आहे, म्हणून आम्हाला परवाना लागत नाही,’ असं एजंट सांगतो. पण पगारासारखं मानधन कबूल करून माणसं पाठवत असेल तर १९८३ चा उत्प्रवासन कायदा आड येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहा. नोंदणीकृत एजंटालासुद्धा ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. टांझानियात स्वयंसेवकाला क्लास सी निवासी परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणारा तुम्हाला बेकायदा वर्गात उभं करतोय. शाळेचा नंबर एजंटाकडून न घेता स्वतः शोधा आणि मुख्याध्यापकांना थेट विचारा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून कुठलंही शुल्क घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. सीमाभागातली खरी अडचण त्यानंतरची. एजंटाचं ऑफिस कोल्हापुरात, खातं सांगलीतलं आणि तक्रारदार निपाणीचा, म्हणून दोन्हीकडचे पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एफआयआरची मोफत प्रत मागून घ्या.