घरच्या व्हीएमसाठी मशीन: जुना झिऑन, ऑफिसातला डबा की नवा रायझन?

भाच्याचा फोन आला तेव्हा तो बेंगळूरला एसपी रोडवर दुकानात उभा होता. "मामा, झिऑन मिळतोय. १४ कोर, २८ थ्रेड. घेऊ काय?"

"रात्रंदिवस चालू ठेवणार काय?"

"होय की. सर्व्हर म्हटल्यावर चालूच पाहिजे."

"मग आधी आईला विचार, हेस्कॉमचं लाईटबिल किती येतंय."

झिऑन म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, कोर म्हणजे त्यातले काम करणारे भाग. पोराला वाटलं मामा चेष्टा करतोय. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारे वेगळे कॉम्प्युटर) चालवायला कॉम्प्युटर घ्यायचा तर प्रोसेसरच्या आधी हाच प्रश्न येतो. कारण आहे कर्नाटक सरकारची गृहज्योती. जुलै २०२३ पासून ही योजना चालू आहे. २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि वर १० टक्के, एवढ्या युनिटपर्यंत बिल शून्य. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे. आणि २०० ओलांडले की महिन्याचं सगळं बिल तुमच्या खिशातून. ताईच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, खानापूरच्या घराची (मशीन तिथंच राहणार) सरासरी १४८, म्हणजे मुभा १६२ पर्यंत. वापर आजही १४८ च्याच घरात.

आता मशीनचा हिशोब. २४ तास चालणारं १०० वॅटचं काहीही महिन्याला ७२ युनिट खातं. झिऑनचं जुनं वर्कस्टेशन ग्राफिक्स कार्डासकट नुसतं बसून साधारण ६० ते ८० वॅट ओढतं. ७५ धरले तर ५४ युनिट. १४८ अधिक ५४ म्हणजे २०२. गेलं शून्य बिल! कंपन्यांनी ऑफिसातून काढलेला छोटा डेस्कटॉप, म्हणजे आमचा 'डबा', नुसता बसून २० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे १४ युनिट. १६२ च्या काठावर, पण आत. चंदगड-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना महावितरणचं बिल, त्यांना ही योजना नाही. पण वॅटचा हिशोब तोच. कर-बिर धरून युनिटला ७ रुपये लावले तरी दोन मशीनमधला फरक वर्षाला साडेतीन हजारांच्या आत-बाहेर जातो. स्वस्तात मिळालेलं मशीन दोन वर्षांत स्वस्त राहत नाही.

रोज तीन-चार तास लावून बंद करणार असाल तर मात्र वरचं सगळं विसरा. त्याकडं परत येतो.

कोर मोजू नका, रॅम मोजा

आमच्याकडं नळाचं पाणी पाळीनं येतं, आणि पाळी लावली की गल्लीभर पुरतं. प्रोसेसर तसा आहे. सहा कोरवर दहा व्हीएम पाळीनं चालतात, कारण त्यातल्या आठ बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. रॅम म्हणजे घागर. एकाची भरलेली असली की दुसऱ्याचं त्यात मावत नाही. रॅममधली एकसारखी पानं एकत्र करणं, बलूनिंग (व्हीएमकडची न वापरलेली रॅम परत काढून घेणं) असल्या युक्त्या लिनक्सात आहेत, पण त्यांच्या भरवशावर खरेदी करू नये.

इंजिनिअरिंगच्या पोराची नेहमीची लॅब घ्या. एक विंडोज सर्व्हर ४ जीबी, एक विंडोज ११ ४ जीबी, कुबरनेटीससाठी (अनेक मशीनवर प्रोग्राम सांभाळणारं सॉफ्टवेअर) तीन लिनक्स दोन-दोन जीबी, आणि फायरवॉलला ओपीएनसेन्स २ जीबी. झाले १६. खालच्या यजमान सिस्टिमला (जिच्यावर या व्हीएम चालतात) दोन-तीन जीबी लागतातच. म्हणजे १६ जीबीचं मशीन पहिल्याच महिन्यात तोकडं पडणार. ३२ हवेत, आणि पुढं ६४ पर्यंत वाट मोकळी हवी.

त्यात २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव चढवून ठेवलेत. पूर्वी आम्ही सांगायचो, मशीन स्वस्त घ्या, रॅम नंतर टाका. आता उलटं. सेकंडहँड मशीन बघताना आत किती रॅम आहे आणि किती स्लॉट रिकामे आहेत, हे आधी बघायचं, आवाज-बिवाज नंतर.

ऑफिसातला डबा

डेल ऑप्टिप्लेक्स ७०६०, एचपी एलिटडेस्क ८०० जी४, लेनोवो थिंकसेंटर एम९२०एस. तिन्ही इंटेलच्या आठव्या पिढीची. कंपन्या भाड्याची मुदत संपली की ट्रकभर काढतात, ती पुण्या-बेंगळूरमार्गे आपल्याकडं येतात. आय५-८५०० मध्ये ६ कोर असतात. आदल्या पिढीच्या आय५-७५०० मध्ये ४. त्याच आय५ नावाखाली दीडपट कोर, म्हणून आठवी पिढी.

आणखी एक कारण. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनचा बाजारात ढीग पडलाय, दुकानदार ती गळ्यात मारायला बघतात. यजमान म्हणून लिनक्स टाकणार असाल तर त्यांनाही नाकं मुरडायचं कारण नाही, ४ कोर आणि ३२ जीबीवर शिकणं आरामात होतं. फक्त भाव तसा पाडून घ्या.

आकार नीट बघा. एसएफएफ म्हणजे आडवा-उभा ठेवता येणारा मधला डबा. वरच्या तिन्ही मॉडेलांत त्यात रॅमचे चार स्लॉट येतात. ऑप्टिप्लेक्सचीच ३०६० ही स्वस्त मालिका दिसायला जवळजवळ तशीच, पण स्लॉट दोन. सगळ्यात छोटा, पुस्तकाएवढा डबा वीज कमीत कमी खातो, पण त्यात लॅपटॉपची रॅम लागते आणि स्लॉट दोनच. देव्हाऱ्याशेजारी ठेवला तरी घरचे काही म्हणत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

खोड एकच: एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) कंपनीचा स्वतःचा असतो. उडाला तर बेळगावात गणपत गल्लीत कुठल्याही दुकानातून आणून बसवता येत नाही, त्याच मॉडेलचा जुना शोधावा लागतो.

झिऑनचं वर्कस्टेशन

एचपी झेड४४० सारखं मशीन उघडून बघितलं की हात शिवशिवतात हे खरं. रॅमचे ८ स्लॉट, १२८ जीबीपर्यंत जागा, जड पत्रा, दणकट पंखे. त्यात बसणारा झिऑन ई५-२६८० व्ही४ म्हणजे भाच्याला दाखवलेला तोच १४ कोरवाला, १२० वॅटचा. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणून स्क्रीन लावायला वेगळं कार्ड लागतं. तेही वीज खातंच.

मोठा फायदा असा की यात सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम चालते, आणि जुन्या सर्व्हरांतून निघालेली ती साध्या रॅमपेक्षा बहुधा स्वस्त मिळते. इथंच मी एकदा तोंडावर आपटलोय. ३२ जीबीचा एक तुकडा इतक्या कमी भावात दिसला की ऑफिसच्या डब्यासाठी घेऊन आलो. खाचही बरोबर बसली, कुलपासारखा 'टक' आवाज आला. बटण दाबलं तर स्क्रीन काळी आणि नुसता बीप-बीप. लेबल वाचलं तेव्हा कळलं, त्यावर 'आर' होता. रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही, खाच जुळली तरी. दुकानदार परत घेईना. तो तुकडा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

झिऑन घ्यायचाच तर अशा ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये घ्या. नव्या चिनी बोर्डावर जुना झिऑन बसवून विकतात, त्याचा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कधी कसा वागेल याची खात्री नाही आणि बिघडला तर दुरुस्ती करणारा इकडं मिळत नाही.

रोज संध्याकाळी चार तास लावणार, ६४ जीबीच्या पुढचं काम आहे, खोली वेगळी आहे, तर हेच घ्या. चार तासांचे महिन्याला ९ युनिट होतात.

नवा रायझन

एएमडीचा रायझन ५ ५६००जी: ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट, अंगचं ग्राफिक्स. नावातलं 'जी' सोडू नका. नुसता ५६०० घेतलात तर परत ग्राफिक्स कार्ड आलं. नवा असल्यामुळं वॉरंटी, साधा एसएमपीएस, कुठलाही भाग बेळगावात टिळकवाडीत बदलून मिळतो. पण चार स्लॉटचा बोर्ड, नवी रॅम, नवी एसएसडी जोडत गेलात की तिघांत हाच महाग पडतो, आणि रॅमच्या आजच्या भावात तर फारच. घरातला रोजचा कॉम्प्युटरही हाच असणार, त्यावर व्हिडिओ एडिटिंगही होणार, तर पटतं. फक्त व्हीएमसाठी नाही.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले इवलेसे मिनी पीसीही दिसतील. चार छोटे कोर आणि अधिकृत मर्यादा १६ जीबी. दोन-तीन हलक्या लिनक्स व्हीएमना ठीक, वरच्या लॅबला नाही.

डिस्कवर कंजुषी नको. जुन्या डब्यासोबत फिरती हार्ड डिस्क आली तर ती बॅकअपला ठेवा. चार व्हीएम एकदम सुरू झाल्या की तिची सुई इकडून तिकडं धावत बसते आणि तुम्ही चहा पिऊन येता. आठव्या पिढीच्या डब्यांत एनव्हीएमईचा (वेगवान एसएसडीचा) स्लॉट असतो, ५०० जीबीची टाका.

सॉफ्टवेअरला पैसे नकोत. प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर डेबियन लिनक्स आणि त्यातल्या केव्हीएमवर उभं आहे, ब्राउझरमधून चालतं, आणि मी तेच वापरतो. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय शिकायचंच असेल तर त्याची फुकट आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली होती, एप्रिल २०२५ मध्ये परत आली. पण ते नेटवर्क कार्डाबाबत नखरेल. ऑफिसच्या डब्यांतलं इंटेलचं कार्ड त्याला चालतं, स्वस्त बोर्डांवरचं रिअलटेक आपोआप चालत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. बायोसमध्ये शिरून बघा. कंपनीचा पासवर्ड तसाच राहिला असेल तर व्हर्च्युअलायझेशन चालू करता येणार नाही, मशीन तिथंच सोडा. विंडोज चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या खाली 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते वाचा. आणि झाकण उघडायला लावा. "सोळा जीबी हाय" म्हणजे आठचे दोन की सोळाचा एक, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही.

खानापूरकडं पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा जाते हे काय सांगायचं. साधा यूपीएस घ्याच, आणि बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करून ठेवा. नाहीतर पोरगं बेंगळूरला आणि मशीनचं बटण दाबायला ताई.

भाच्यानं शेवटी आय५-८५०० वाला ऑप्टिप्लेक्स ७०६० घेतला, आत आठचे दोन तुकडे. मी वॅटमीटर लावला तर नुसत्या प्रॉक्समॉक्सवर १८-१९ दाखवत होता, तीन लिनक्स व्हीएम चालू केल्यावर २४. विंडोज ११ ची व्हीएम लागेल तेव्हा लावतो आणि बंद करतो. दोन स्लॉट रिकामे आहेत, रॅमचा भाव उतरायची वाट बघतोय.